दोन टोले

(मिलवॉकी शहर. विजेच्या ट्रामचं पहिलंच वर्ष. सकाळची वेळ. रुळांवर गॉटलीबची दुधाची घोडागाडी अडून उभी, मागे ट्राम. ट्राम चालवणारा मलकी, कंडक्टर फिनियस.)

गॉटलीब : घंटा बडवून काय होणार? मी काय हौसेनं उभा आहे रुळांवर?

मलकी : ओ दूधवाले, तुमच्यापायी अख्खी ट्राम खोळंबलीय. लगाम झटका ना जरा!

गॉटलीब : झटकला. साखर दाखवली. शेवटी हात जोडले. तिला विचारा, मला काय विचारता? घोडी कसली, अडेलतट्टू आहे नुसती!

फिनियस : मलकी, आत टोपीत पक्षी खोचलेल्या एक बाई आहेत. त्या विचारताहेत, विजेची गाडी घोडीसाठी थांबणार असेल तर वीज आणली कशाला?

मलकी : कंडक्टर तू आहेस, उत्तर तूच दे. सरका हो दूधवाले, तोंड बघू दे तिचं. अगं... पेगी?

गॉटलीब : पेगी नाही. लॉटे. माझ्या थोरल्या आत्याचं नाव ठेवलंय.

मलकी : आत्या तुमची असेल, घोडी माझी आहे. म्हणजे, होती. विजेच्या तारा यायच्या आधी ह्याच रस्त्यावर ट्राम ओढायची ती, आणि लगाम माझ्या हातात असायचा. मग कंपनीनं सगळे घोडे विकले. पेगे, ए पेगे, ओळखलंस का गं?

फिनियस : कान हलवला तिनं.

मलकी : बघ!

फिनियस : माशी बसली होती.

गॉटलीब : म्हणजे हे खूळ तुम्ही भरवलंत तिच्या डोक्यात! ह्या रस्त्याला लागली की कुठंही थांबते. गिऱ्हाईक नाही, पाण्याचा हौद नाही, तरी आपली उभी. मी दूध घेऊन पोचतो तेव्हा लोकांची न्याहारी उरकलेली असते. उन्हात दूध नासतं, मग बायका मला फाडून खातात. आता पुरे झालं. उद्या सकाळी सरसाच्या कारखान्याचा माणूस येतोय तिला न्यायला.

मलकी : सरसाच्या? पेगीची खुरं उकळून सरस करणार?

गॉटलीब : मला काय आनंद होतोय का? गुणी जनावर आहे. बायको रोज गाजर देते तिला. पण गुणांनी दूध पोचत नाही, बाबा.

मलकी : अहो, ती वेडी नाही. तुम्हाला तिची भाषा माहीत नाही. कंडक्टरनं दोरी ओढली की माझ्या डोक्यावरच्या घंटेचा टोला पडतो. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. घोड्यांच्या ट्रामलाही हेच होतं. आत्ता फिनियसनं उतारूंसाठी एक टोला दिला, आणि ही नेमकी आमच्या पुढ्यात होती. थांबली. आता दोन टोले पडेपर्यंत खुद्द देव आला तरी हलायची नाही.

गॉटलीब : मग मघापासून तुम्ही ती घंटा बडवताय ती?

मलकी : ती पायानं वाजते, रस्त्यातल्या लोकांसाठी. तिच्या काळात ती नव्हती.

गॉटलीब : म्हणजे खाऊ-पिऊ मी घालायचं, आणि हुकूम ह्या कंडक्टरचा चालणार?

फिनियस : घरी कुणी ऐकत नाही हो. निदान घोडी तरी ऐकते.

मलकी : फिनियस, दोन दे.

फिनियस : अजून उतारू चढताहेत. नियमाप्रमाणे...

मलकी : फिनियस!

फिनियस : हे घे. टण्! टण्!

गॉटलीब : चालली! अहो, चालली की! लॉटे, माझी राणी गं... अरे, अरे! अहो ट्रामवाले! मागून धडकता काय? कॅन लवंडला माझा!

मलकी : हो! हो! हो!

फिनियस : टण्!

गॉटलीब : आणि ही पुन्हा थांबली! रुळांवरच! आता तुम्हाला कुणी सांगितलं होतं निघायला?

मलकी : कुणी नाही. दोन टोले पडले, हात आपोआप गेला.

फिनियस : ऐकलंत ना? घोड्याला थांबवायला म्हणायचा तसं अजून विजेला 'हो, हो' म्हणतो. रोज ब्रेक लावताना म्हणतो, लोक हसतात.

गॉटलीब : मग एकट्या घोडीनंच काय पाप केलंय? ह्यालाही पाठवा सरसाला!

फिनियस : खुरं नाहीत त्याला.

मलकी : हसा लेको. दूधवाले, माझं ऐका. माझ्या जुन्या ट्रामची घंटा घरी आहे. बायको जेवायला बोलवायला वाजवते. संध्याकाळी ती आणून देतो, गाडीला टांगा. गिऱ्हाइकाचं दार आलं की एक टोला. दूध घातलं की दोन. लगामाला हातसुद्धा लावावा लागणार नाही. उद्याच्या त्या माणसाला परत पाठवा. पाया पडतो तुमच्या.

गॉटलीब : तुमची बायको काय करेल?

मलकी : ओरडेल. तशीही ओरडतेच.

गॉटलीब : हं. आणि ह्या रस्त्यावर? तुमच्या एका टोल्याला ही थांबणार. मी माझे दोन देणार. मग ही निघेल, आणि मागून तुम्हीही निघाल!

फिनियस : आणि तेव्हा त्या पक्ष्याच्या टोपीवाल्या बाईंचा एक पाय पायरीवर असेल, एक रस्त्यावर. मलकी, साहेबांनी आधीच बजावलंय तुला. पुन्हा असं झालं तर नोकरी गेली समज.

गॉटलीब : तेच म्हणतोय मी. दोघांतल्या एकाला तरी जुनं विसरावंच लागेल. आणि ही काही विसरायची नाही.

मलकी : तिला विसरायला लावू नका. ह्या वयात तिला ते जमायचं नाही, बिचारी घाबरून जाईल. मी विसरतो.

फिनियस : तू?

मलकी : मी. आणि दूधवाले, तुम्ही तिला लॉटे म्हणा हवं तर. चालेल मला.

गॉटलीब : आणा तुमची घंटा. शनिवारपर्यंत बघतो. सरसवाल्याला सांगतो, घोडी जरा आजारी आहे.

मलकी : घोडी आजारी म्हटल्यावर तर तो धावत येईल!

गॉटलीब : बरं, मी आजारी आहे म्हणतो. चला, आता रूळ मोकळे करू द्या. बाईंची टोपी उडून जायची रागानं. ओ कंडक्टर, तुमचा हुकूम सोडा.

फिनियस : टण्! टण्!

गॉटलीब : चल गं पेगी... लॉटे... जे काय असेल ते, चल!

फिनियस : निघाली बघ. मान कशी उडवते. मलकी? अरे, दोन टोले दिले मी. तू का उभा?

मलकी : ते तिचे होते. आता माझे दे.