माझ्या बाजूला कललेलं टेबल

माझा जन्म झाशीचाच बरं का ताई, महाराष्ट्रातला नाही, हे आधी सांगून ठेवते, कारण तुम्ही पुण्याच्या, माझं मराठी ऐकून मनात म्हणाल ही बाई मध्येच हिंदी काय बोलते. वडील रेल्वेत, भुसावळहून बदली होऊन इकडे आले ते इकडचेच झाले. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि नळावर बायकांशी बुंदेली, असं आमचं लहानपण. लग्न पण रेल्वेतच झालं, म्हणजे हे रेल्वेच्या कारखान्यात सुतार, डब्यांची बाकं, खिडक्यांच्या चौकटी, ते सगळं काम ह्यांचं. नाव सुनंदा माझं. ह्यांचं नाव मी घेत नाही, घ्यायला लागलं तर उखाण्यात घेईन, आणि उखाणा मला आता एकही आठवत नाही.

मी ब्लाउज शिवते. प्रेम नगरात विचारा कुणालाही, सुनंदा आंटीच्या हातचा गळा कधी झोळ खात नाही. हे मी बढाई नाही मारत, आहे ते सांगते. पण तुम्ही आलात ते पाटांचं ऐकून, ब्लाउजचं नाही, मला माहितेय.

तर पाट. ह्यांना कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांनी लाकडात लाकूड बसवायचं काम शिकवलं होतं, म्हणजे काळसर शीशमच्या फळीत पिवळ्या हळदू लाकडाचा मोर, असा बसवायचा की वाटावं तो मोर त्याच लाकडात जन्मला. आधी हातकरवतीनं करायचे, मग रिटायर झाल्यावर ती मशीन घेतली, स्क्रोल सॉ म्हणतात, आमच्या घरात नुसतं मशीन म्हणतात, आणि माझी शिलाईची असली तरी ती मशीन नव्हे, मशीन म्हणजे ह्यांची. पातं असं बारीक, दोऱ्यासारखं, वरखाली चालतं, आणि आपण फळी हातानं फिरवायची. झाशीत, तिकडे बबीन्याच्या छावणीत फौजेतल्या मराठी घरांत, कुणाच्याही मुलीचं लग्न निघालं की अंतरपाटाला नवरा-नवरी उभे राहायचे ते पाट ह्यांच्याच हातचे. मोर नाही तर कमळ. तिसरं काही कधी केलं नाही, मी म्हणायची जरा वेगळं करा की, तर म्हणायचे, मोराला काय झालंय?

आणि एक सवय. काम संपलं की टेबल सरळ करायचं, पातं काढायचं, कपडा टाकायचा, मगच चहा. कितीही वाजोत. कारखान्याची शिस्त, म्हणायचे, औजार सरळ ठेवून घरी जायचं. आता टेबल सरळ म्हणजे काय, ते तुम्हाला सांगितलं पाहिजे, नाही तर पुढचं कळायचं नाही. बघा, पातं चाललं की तेवढं लाकूड भुसा होऊन जातं, मग तुकडा भोकात बसवला तर चारी बाजूंनी फट राहणारच ना? म्हणून दोन पातळ फळ्या एकावर एक चिकटवायच्या, वर पिवळी, खाली काळी, आणि टेबल जरासं कलतं करायचं, अगदी जरासं, डोळ्याला दिसणार पण नाही. मग काप तिरका पडतो, आणि वरच्या फळीतला तुकडा निघतो तो बाटलीच्या बुचासारखा, वर रुंद, खाली अरुंद. खालच्या फळीच्या भोकात दाबला की फट खाऊन घट्ट बसतो. कल कमी झाला तर तुकडा खाली घसरतो, जास्त झाला तर वर उभा राहतो. सगळी कमाल त्या कलाची आहे.

मग ह्यांचा हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग शर्टाची बटणं मीच लावायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण ते बारीक पातं थरथरत्या हाताला कसं ऐकणार, पट पट तुटायचं. एक दिवस ह्यांनी मशीनवर कपडा टाकला तो काढलाच नाही. तसे ते फार बोलत नाहीत, पण मला सगळं दिसत होतं.

आणि नेमकं त्याच वर्षी पल्लवीचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी आमची. मुलगा बरुआसागरचा, अंकित, बुंदेली घर, आल्याची शेती आहे त्यांची. चांगली माणसं. पल्लवीला मराठी समजतं सगळं पण बोलते हिंदीच, ती म्हणाली, आई, मुझे गहना-वहना कुछ नहीं चाहिए, मुझे तो बाबा के हाथ का पाट चाहिए. हे ऐकून हे उठून बाहेर अंगणात गेले. साऱ्या गावाच्या मुलींना पाट दिले आणि स्वतःच्या मुलीच्या वेळी हात गेला, काय वाटलं असेल त्या माणसाला, सांगा. मला तर रडूच आलं.

मी म्हटलं, मी करते. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी म्हटलं रेल्वेचं इंजिन चालवते. म्हणाले, सुनंदा, ही शिलाई मशीन नाही. मी म्हटलं, तिच्यात पण सुई वरखाली जाते आणि कापड मी फिरवते, हिच्यात पातं जातं आणि फळी फिरवायची, कल तुम्ही लावा, हात माझा. हो म्हणाले नाहीत, पण कपडा काढला.

रद्दी लाकडावर सुरू केलं. ह्यांनी टेबल कलतं केलं, मी रेघेवरून कापलं, एकदम रेघेवर, केसभर इकडेतिकडे नाही. आणि तुकडा बसवायला गेले तर गडप, भोकातून सरळ खाली जमिनीवर. हे म्हणाले कल कमी पडला, वाढवला. पुन्हा कापलं, तर तुकडा आणखीच ढिला. पुन्हा वाढवला, आणखी ढिला. जितका कल वाढवावा तितकं बिघडतच जात होतं ताई! ह्यांना काही कळेना, मला काही कळेना. शेवटी ह्यांच्या तोंडून निघालं, तुझा हातच कच्चा आहे. मला इतका राग आला, म्हटलं, रेघ बघा आणि मग बोला, आणि स्वयंपाकघरात निघून आले. मग घरात अबोला. जेवायला वाढायची, पण ताट असं ठेवायची की आवाज झाला पाहिजे.

त्या रविवारी अंकित आला, कपड्यांचं माप द्यायला. होणारा जावई पहिल्यांदा एकटा घरी आला, मग मी पाट मांडला, टिळा लावला, निरांजन घेतलं आणि ओवाळायला लागले. आमच्याकडचं औक्षण त्याला नवीन, बिचारा ताठ बसलेला. आणि हे समोर खुर्चीवर. एकदम ओरडले, थांब! माझं तबक हातातून पडता पडता राहिलं. म्हणाले, पुन्हा फिरव. मी फिरवलं. पुन्हा. अंकितला वाटलं ही पण काही मराठी रस्म असेल, तो हात जोडून बसला. हे म्हणाले, फळी पण तू अशीच फिरवतेस? मी म्हटलं, मग कशी फिरवणार, ओवाळतो त्याच बाजूनं हात जातो, जन्मभराची सवय. म्हणाले, मी उलट्या बाजूनं फिरवतो, माझ्या उस्तादांनी फिरवली तशी, टेबल एकाच बाजूला कललेलं, म्हणून माझा तुकडा पात्याच्या एका अंगाला राहतो आणि वर रुंद निघतो, तुझा दुसऱ्या अंगाला राहतो आणि वर अरुंद.

जावयाला तिथेच पाटावर बसवून आम्ही दोघं मशीनकडे. हे म्हणाले, तुझा हात उलटा आहे, आता माझ्यासारखी फिरव. फिरवून बघितली, तर हात असा अडखळला, रेघ सोडून नदीसारखा वाहत गेला. मी म्हटलं, माझा हात सरळ आहे, तुमचं टेबल उलटं आहे. रागानं म्हटलं होतं मी. पण हे खाली वाकले, आणि त्याच थरथरत्या हातानं टेबलाची खुंटी ढिली केली आणि टेबल दुसऱ्या बाजूला कलवलं. त्या बाजूला ते फार जात नाही, मशीन आडवी येते, पण आपल्याला लागतं तेवढं जातं. मी कापलं. तुकडा भोकावर ठेवला, ह्यांनी अंगठ्यानं दाबला. बसला. फळी उलटी करून हलवली, झटकली, तुकडा जागचा हलला नाही. हे माझ्याकडे बघून हसले, लग्नाआधी मला बघायला आले होते तेव्हा हसले होते तसे. अंकितचा चहा करायचा त्या दिवशी राहूनच गेला.

आणि मग मी मोर नाही केला! पल्लवीच्या पाटावर कुयरी केली आणि अंकितच्या पाटावर आल्याची पानं, त्यांच्या शेतातली, लांब लांब, टोकदार. पानाचं टोक सगळ्यात कठीण, तिथे फळी जागच्या जागी वळवायची, पण ब्लाउजच्या गळ्याला मी तेच तर करत आले. घासणं, पॉलिश हे ह्यांनी केलं, त्याला हात थरथरला तर चालतो, उलट चांगलंच घासलं जातं असं मी चिडवते त्यांना.

लग्नात अंतरपाट धरला, दोघं पाटांवर उभे, आणि मी मुलीकडे बघायचं सोडून खाली पाटांकडे बघत होते, खोटं कशाला बोलू. नंतर अंकितच्या आईनं पाटावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, म्हणाल्या, अरे समधन जू, जे तो हमाए खेत के पत्ता आंय, हाथ फेरे सें जोड़ को पतोई नईं परत. म्हणजे, विहीणबाई, ही तर आमच्याच शेतातली पानं, हात फिरवला तरी जोड कळत नाही. मी मान खाली घालून म्हटलं, पल्लवीच्या बाबांचं काम आहे. तर हे, जे चार माणसांत तोंड उघडत नाहीत, ते मांडवात मोठ्यानं म्हणाले, नहीं जी, हाथ इनका है. पल्लवीनं ऐकलं, तिनं सगळ्यांसमोर मला मिठी मारली आणि मराठीत म्हणाली, आई, तुझ्या हातचा पाट. मराठीत म्हणाली ताई, ऐकलं ना तुम्ही.

आता बबीन्याहून पण विचारत येतात. मी सकाळी कापते, दुपारी ब्लाउज. पल्लवी सुखात आहे, तिचं घर भरलेलं राहो, तुमचं पण राहो. काल काम संपलं, ह्यांनी पातं काढलं, मशीनवर कपडा टाकला आणि चहा मागितला. मी मुद्दाम म्हटलं, अहो, टेबल सरळ करायचं राहिलं. तर म्हणाले, राहू दे, सकाळी तुलाच लागणार आहे.