तीन वेढ्यांचा टाका

"नट घडतो तो तपश्चर्येनंच!" दातांच्या दवाखान्यातल्या बाकावरून, भिंतीवरच्या टीव्हीतल्या नटाकडे बोट दाखवत, पोट सुटलेल्या एका गृहस्थांनी जाहीर केलं. त्या आवेशात त्यांच्या शर्टाचं बटण तुटून शेजारच्या आजोबांच्या पायाशी गेलं. मी समोर बसून ऐकत होतो.

"पहिल्या मालिकेत तो सर्जन होता, आजोबा. टाके शिकायला सहा महिने इस्पितळात राहिला!"

"छे हो. सुई दिसली की त्याला घेरी यायची."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मी त्या मालिकेचा शिंपी. टाके घालताना दिसायचे ते हात माझे."

"काहीतरीच!"

"घरीही असंच म्हणतात. बायको तर शेवटपर्यंत हसली. नातवंडं 'डॉक्टरसाहेब' म्हणून चिडवतात."

"अहो, मी एकही भाग चुकवला नाही. टाका झाला की तो दोऱ्याचे तीन वेढे देऊन मग गाठ मारायचा. कुठला शिंपी मारेल तशी?"

"बटण लावताना सगळेच मारतात. हाताला दुसरी सवयच नव्हती."

"म्हणजे तो रोगी..."

"उशी होती."

गृहस्थांनी आजोबांच्या बोटांकडे पाहिलं आणि वाकून आपलं बटण उचललं.

"सुईदोरा आहे जवळ?"

"असतोच."

"मग माझा नंबर येण्याआधी एवढं बटण लावून द्या, डॉक्टरसाहेब. वेढे मात्र तीनच हवेत."