महिनाभर आधी

त्रेचाळीस साली भिंगारच्या पोस्टात विजया मास्तरीणबाई शाळेच्या टपालाच्या तिकिटांसाठी रांगेत उभ्या होत्या. पत्र येण्यासारखं त्यांचं कुणी उरलं नव्हतं. पुढे माळावरच्या नव्या विमानतळाचे ओव्हरसियर सुमंत आणि तिथेच खडी वाहणारी बनुबाई बोलत होते.

"धावपट्टी आता महिनाभर आधी पुरी करायचीय, बनुबाई."

"आन् उतारूंची इमारत?"

"ती रद्द झाली. खर्च फार वाढला म्हणून वरून काट मारली."

"मग उतरनारी मान्सं बसतील कुठं?"

"माणसं कुठली? लष्कराचं सामान उतरेल."

"माझा रंगनाथ लष्करातच हाय, सायेब. म्हनून तर मी माळावर कामाला आले."

"त्याचं पत्र कधी आलं होतं?"

"दोन दिवाळ्या झाल्या. काम संपल्यावर आमाला आत सोडत्याल का?"

"नाही."

"मग आधी कशापायी संपवता?"

"तारीख माझ्या हातात नाही. मजुरांना पाणी पाजायला तुम्हाला ठेवतो, तेवढं आहे. रांजण पट्टीच्या टोकाला आहेत. विमान आलं तर तिथून आधी दिसेल."

"शेवटल्या दिसापत्तूर?"

"शेवटच्या दिवसापर्यंत."

रांग सरकली. खिडकीतून कारकून म्हणाला, "बनुबाई, आजही काही नाही."

"असू द्या. उद्या मला यायला न्हाई जमायचं. पान्यावर जायचंय."