रिझर्व्हवरची गाडी

बेटावरच्या पेट्रोलपंपाच्या रांगेत एवान्थियाच्या पुढे थ्रासोस न्हावी उभा होता, लग्नातला कोट घालून, मोटारसायकल ढकलून घामाघूम झालेला.

"गाडीला पेट्रोलचा काटा नाही, पण रिझर्व्ह तर आहे ना?" पंपवाल्या अन्थूलानं विचारलं.

"आहे की. पण ऐन चढावर टाकीखालचा कॉक फिरवायला वाकवत नाही. म्हणून आधीच रिझर्व्हवर करून ठेवला."

"कधीपासून?"

"ईस्टरपासून."

"मग पेट्रोल संपत आलंय हे तुला कळणार कसं?"

"कळलं ना. तीन किलोमीटर ढकलताना सगळं नीट कळलं."

"तिकडे चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं बाळ उघडं रडतंय. धर्मपिता कुठाय म्हणून फोनवर फोन येतायत."

"येतोय म्हणावं. बाळाला लावायचं ऑलिव्ह तेल माझ्याकडेच आहे."

"ते तरी आहे ना, की तेही संपलं?"

"ते गच्च भरलेलं आहे, बाई. बाटली काचेची आहे."