हलक्या जमिनीचं वाक्य

नाई नाई, चहा घ्या तुम्ही, चहावर काय राग आहे माहा? राग तुमच्यावर आहे, चेतनभाऊ. अन् हे मुलाखतीच्या दुसऱ्या भागाचे प्रश्न काय घेऊन आले — पहिल्या भागानं काय करून ठेवलं ते तर पाहा! मी इतकी वर्षं संत्र्याच्या ताणावर काम करून राहिली — ताण म्हणजे, बहार फुटावा म्हणून झाडाचं पाणी तोडतेत, तो — अन् तुमच्या रेडिओच्या स्टुडिओत बसून दोन गोष्टी सांगतल्या होत्या. काळी, भारी जमीन असंल तर ताण लंबा द्या. हलकी, मुरमाड असंल तर पानं मलूल झाल्याबरोबर पाणी सोडा. तुम्ही लावली एकच! दुसरी कुठं गेली? कापली. काहून? तर म्हणे गाणं बसत नव्हतं! मंग गाणं कापायचं होतं ना, भाऊ!

वरून म्हणता, मॅडम, रिस्पॉन्स जबरदस्त आला. येईनच ना! आमचं सारं तिगाव ऐकून राहिलं होतं. माहे बाबा, गुणवंताजी — त्या माणसानं जिंदगीत माह्यं एक ऐकलं नाई, "कॉलेजात शिकव, बागेतलं मले नको शिकवू" — अन् तुमच्या रेडिओतून पोरीचा आवाज आला तर घरोघरी जाऊन सांगतलं, प्रणाली म्हणते, पाणी सोडू नका, ताण लंबा द्या. अन् आमच्या गावाची सारी जमीन मुरमाड! पानं गळाली, आता शेंडे वाळून राहिले. त्यायले दिसत नाई काय? उमर बागेत गेली, सारं दिसते! पण पोरीचा शब्द ना. त्या दिवशी फोन करून मले शाबास म्हणाले, पहिल्यांदा — अन् ते शाबास कायचं, तर तुमच्या कापलेल्या बोलण्याचं!

नाई, रडून नाई राहिली मी. परवा गेली होती, पाया पडली, बाबा, पाणी सोडा, माही बात अर्धीच लावली त्यायनं. तर म्हणतेत, "गावाले मी थांबवलं, आता माह्याच बागेत गुपचूप पाणी सोडू? तू रेडिओवर सांग, सारे संगंच सोडू." गावात फिरली, तर लोक म्हणतेत, मॅडम, रेडिओवर तं वेगळंच बोलल्या तुम्ही! आता सांगा, कोणाच्या उरावर बसू मी?

ठेवा ते प्रश्न खाली. तुमच्या कार्यक्रमाचाच टाइम आहे ना हा? मंग लावा स्टुडिओले फोन. थेट. रेकॉर्डिंग नाई, गाणं नाई, कात्री नाई. काहून पाहून राहिले माह्याकडं? लावा म्हटलं ना!

चालू झालं? — बाबा, मी प्रणाली बोलून राहिली. हलक्या जमिनीवाल्या साऱ्यायनं आत्ताच पाणी सोडा. तुम्ही पण सोडा, बाबा. माही चूक नव्हती. तुमची पण नव्हती.

बस. ठेवा फोन. अन् निघा आता, भाऊ, मले तिगावले जायचं आहे.