अंगणातला चिखल

नंदुरबारच्या गॅरेजात, माझ्या शेजारच्या बाकावर कोरीटचे हिलालआबा आणि त्यांची बायको नर्मदाबाई. समोर सॅम्युअल मिस्तरी.

“पिकअप चार इंच उचली दे. आन् मांगे लॉकर बी बसाड.”

“लॉकरनं मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतील, आबा. पण गाडी फसते कुठे? काठीच्या घाटात?”

“घाटमा नही, भाऊ. आम्हना आंगणमा. काल ट्रॅक्टर बांधीसन ओढी काढी.”

“उन्हाळ्यात चिखल कुठला, मावशी?”

“ह्या रोज दोन येळा गाडी धोतस ना! मन्ह्या मिरच्या वाळाले जागा नही राहिनी.”

“मग आबा, धुणं बंद करा. लॉकर नको, चार इंचांची लिफ्टही नको.”

“लिफ्ट तर पाहिजेच.”

“कशाला?”

“गाडी उच्ची व्हयनी का खालून बी धोता येई.”