कानाला घरी बसवा

अगं बायांनो, आमच्या सुमनकाकीचं सांगितलंच नाय तुम्हाला! जोहे गावातल्या कारखान्यात मी गणपती रंगवते ना, तर रंगाला यायच्या आधी प्रत्येक गणपती काकी टिचकी मारून बघते. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर आत तडा. यंदा तिला ऐकूच येईना. शेठ तिच्या कानाशी ओरडले, "काकी, आता घरी बसा!" मला इतकं वाईट वाटलं!

काकी हट्टाने परत गणपतींच्या रांगेत शिरली. शेठनी मुद्दाम तडा गेलेला एक गणपती मध्ये ठेवला. एका हाताने टिचकी, दुसरा तळवा गणपतीच्या पोटावर, असं करत ती नेमकी तिथंच थांबली. "याला तडा हाय."

मी ओरडले, "ऐकू आलं तुला?"

"नाय गो." तिने माझा तळवा चांगल्या गणपतीच्या पोटावर दाबला आणि टिचकी मारली. हाताला बारीक थरथर लागली. तडा गेलेल्याची मात्र मध्येच विझली.

"आवाज म्हणजे ही थरथरच ना गो? कान नुसता मधला दलाल." मग शेठकडे वळून म्हणाली, "घरी बसवायचं तर त्या दलालाला बसवा!"